जुन्या ट्रॅक्टरचा वॉल्व्ह परत परत का जळतो: हेड उतरवायच्या आधी आणि नंतर काय काय बघायचं

हेड (सिलेंडरवरचं झाकण) उतरवलं, जळका वॉल्व्ह (त्यातली झडप) बदलला, पेस्ट लावून घासला, नवीन गॅस्केट टाकलं, ट्रॅक्टर रानात गेला आणि पुढच्या हंगामात तोच सिलेंडर परत मिस मारायला लागला. हे ज्यांच्याकडे चाललंय त्यांच्यासाठी हा लेख आहे. एकदा जळालेला वॉल्व्ह वयामुळे जळाला असं म्हणता येतं, पण दुसऱ्यांदा तिथलाच जळाला तर कारण वॉल्व्हच्या बाहेर कुठेतरी आहे आणि ते तसंच ठेवून आपण हेड बंद केलंय. ते कारण सापडेपर्यंत नवीन पार्ट आणायचे नाहीत, एवढं एक धरून चाला.

खालची पद्धत जुन्या साध्या डिझेल इंजिनांची आहे, म्हणजे ब्लॉकमध्ये कॅम (वॉल्व्हना वेळेवर उघडणारा दांडा), त्याची उचल वर नेणारी पुशरॉड आणि वॉल्व्ह दाबणारा रॉकर. मॅसी १०३५ चं तीन सिलेंडर, महिंद्रा बी-२७५ चं चार सिलेंडर किंवा त्या काळातलं तसलं कुठलंही. मापं मात्र आपापल्या इंजिनच्या मॅन्युअलमधलीच घ्या, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची नको.

## आधी हे जमवून ठेवा

फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं), चांगल्या स्थितीतला टॉर्क पाना, डिझेलचं कॉम्प्रेशन गेज (पेट्रोल गाडीचं गेज लावाल तर ते फुटेल), धार सरळ असलेली स्टीलची पट्टी, सपाट जाड काचेचा तुकडा, जाड पुठ्ठा, मार्कर, साधी पेन्सिल आणि एक वही. वही सगळ्यात महत्त्वाची आहे. मिस्त्री बदलतात, आपण मागच्या वेळचं विसरतो आणि दर वेळी पहिल्यापासून अंदाज बांधत बसतो.

बॅटरी पूर्ण चार्ज हवी, ऑइल आणि पाणी लेव्हलला हवं. एअर क्लीनर उघडून बघा, ऑइल बाथ (तेलात धूळ धरणारा) असेल तर वाटीत तळाला किती गाळ बसलाय ते लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

इशारा: चाकांना दोन्हीकडून दगड लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल, पीटीओ (मागचा अवजारं फिरवणारा शाफ्ट) बंद. पुढे इंजिन हाताने फिरवायचंय आणि एका ठिकाणी हवेच्या प्रेशरने ते आपोआपही फिरू शकतं.

## १. जुना हिशोब काढा

मागच्या प्रत्येक वेळी कितवा सिलेंडर होता, इनटेक (हवा आत घेणारा वॉल्व्ह) की एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा), त्या आधी ट्रॅक्टर कुठल्या कामावर होता, गरम झाला होता का, हेड फेस मारलं (खालची बाजू घासून सपाट केली) होतं का, नोझल (डिझेल फवारणारे) कधी चेक केले. आठवतंय तेवढं लिहा.

दर वेळी तोच सिलेंडर असेल तर कारण त्या सिलेंडरपुरतं आहे: त्याची सीट (वॉल्व्ह टेकतो ती गोल जागा), त्याची गाइड (वॉल्व्हचा दांडा चालतो ती नळी), त्याचा नोझल, किंवा हेडमध्ये त्या जागी साठलेला क्षार. दर वेळी वेगवेगळे एक्झॉस्ट जळत असतील तर कारण सगळ्या इंजिनचं आहे: गॅप (रॉकर आणि वॉल्व्हमधली फट) टाइट ठेवले जाताहेत, पंपाचं टायमिंग मागे आहे (डिझेल उशिरा जातंय), डिझेल जास्त जातंय, हवा कमी मिळतेय किंवा इंजिन तापतंय. एवढ्यावरच निम्मा शोध संपतो आणि नेमकी हीच पायरी कुणी करत नाही.

## २. चालू इंजिनवर कान आणि डोळा

सकाळी थंड इंजिन चालू करा आणि धूर बघा. चालू केल्यावर थोडा वेळ पांढरा धूर, इंजिन थडथडतंय आणि गरम झाल्यावर बरं वाटतंय, तर एखाद्या सिलेंडरला कॉम्प्रेशन कमी आहे आणि थंड असताना डिझेल नीट जळत नाहीये. निळा धूर, विशेषतः बराच वेळ स्लोवर ठेवून एकदम रेस दिल्यावर, म्हणजे ऑइल जळतंय, गाइडमधून उतरत असेल नाहीतर रिंगांमधून. लोडवर काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी.

मग एअर क्लीनरचा पाइप काढून मॅनिफोल्डच्या तोंडाशी कान न्या, स्लोवरच. फट्‌ फट्‌ करून उलटी हवा येत असेल तर इनटेक वॉल्व्ह लीक आहे. सायलेन्सरच्या तोंडाशी ठरावीक ठेक्यात एक ठोका पडल्यासारखा वाटला तर एक्झॉस्टवर संशय. ऑइलच्या झाकणातून जोरात वाफ येत असेल तर ते रिंग-लायनरचं काम आहे, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील तर गॅस्केट नाहीतर हेडला क्रॅक. ही दोन दुखणी असताना नुसत्या वॉल्व्हवर पैसे घालवून काही होणार नाही.

## ३. कमजोर सिलेंडर पकडा

इंजिन स्लोवर ठेवून एकेका नोझलच्या हाय प्रेशर पाइपचा नट पंपाच्या बाजूला थोडा ढिला करायचा. चांगला सिलेंडर असेल तर आवाज लगेच बदलतो आणि इंजिन दबतं. ज्याचा नट ढिला करूनही फरक पडत नाही तो सिलेंडर कामच करत नव्हता. नट परत आवळा, मग पुढचा.

इशारा: त्या पाइपमध्ये दीडशे-दोनशे बारच्या आसपास प्रेशर असतं आणि बारीक फवारा कातडीतून आत घुसतो, ती जखम बाहेरून टोचल्यासारखी दिसली तरी आत गंभीर असते, तसं झालं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. नटावर जाड फडकं टाका, चष्मा लावा, हात आणि तोंड लांब.

इथे अजून "वॉल्व्ह गेला" म्हणू नका. सिलेंडर मेला एवढंच कळलंय, नोझल खराब असला तरी असंच होतं. त्या सिलेंडरचा नोझल शेजारच्याशी अदलाबदल करून परत बघा. दोष नोझलबरोबर सरकला तर हेड उतरवायची गरजच नाही.

## ४. गॅप मोजा, पण लगेच सेट करू नका

सगळ्यात जास्त चूक इथे होते. टॅपेट कव्हर (रॉकरवरचं झाकण) उघडलं की हात आपोआप स्क्रूड्रायव्हरकडे जातो, गॅप सेट होतात आणि त्यातली सगळी माहिती पुसली जाते. आधी जसे आहेत तसे मोजा, वहीत लिहा, मग सेट करा.

कुठल्याही इंजिनला चालणारी मोजायची सोपी रीत अशी. नोझल काढून घ्या म्हणजे इंजिन हलकं फिरतं. क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन चालायच्या दिशेनेच फिरवा. ज्या सिलेंडरचं बघताय त्याचा एक्झॉस्ट दबायला लागला की त्याचा इनटेक मोजा. मग पुढे फिरवा, इनटेक पूर्ण दबून परत वर येत जवळजवळ बंद झाला की एक्झॉस्ट मोजा. टीडीसीची (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) खूण शोधत बसायला नको. चार सिलेंडरला, फायरिंग (सिलेंडर पेटायचा क्रम) १-३-४-२ असेल तर, चारचे दोन्ही वॉल्व्ह एकदम हलत असताना एकचे दोन्ही गॅप बघता येतात आणि याच्या उलटही, तसंच दोन आणि तीनचं. तीन सिलेंडरला ही जोडी चालत नाही, तरी तिथे ती लावणारे बरेच भेटतात आणि मग एखादा वॉल्व्ह टाइट राहतो.

उदाहरण म्हणून, पर्किन्सच्या ३.१५२ तीन सिलेंडर इंजिनला थंड असताना १२ थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) म्हणजे साधारण ०.३० मिमी आणि गरम असताना १० थाऊ असं माप आहे. थंडचं माप गरम इंजिनवर किंवा उलटं लावू नका.

आता आकडे वाचायचे. मागच्या सेटिंगपेक्षा गॅप कमी झालाय म्हणजे वॉल्व्ह सीटमध्ये वर वर चढतोय, सीट झिजतेय नाहीतर वॉल्व्ह ताणला जातोय. आवाज येत नाही म्हणून कुणी लक्ष देत नाही, पण जळण्याचं मूळ इथे असतं, कारण एक्झॉस्ट वॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकून असताना तिच्यातून सोडतो आणि टेकलाच नाही तर ती जायला वाट राहत नाही. गॅप जास्त झालाय म्हणजे वरचं काहीतरी झिजलंय किंवा वाकलंय: रॉकर, पुशरॉड, टॅपेट (कॅम आणि पुशरॉडच्या मधला तुकडा), कॅम. त्याचा टकटक आवाज येतो आणि घाबरून लोक गॅप टाइट करतात. तसं करू नका. थोडा ढिला वॉल्व्ह आवाज करत चालतो, टाइट केलेला गपचूप जळतो.

तपासा: रॉकरचं टोक बोटाने चाचपा. जुन्या रॉकरला वॉल्व्हच्या दांड्याने बारीक खड्डा पडलेला असतो. फिलर गेजचं पान सपाट असतं, ते खड्ड्याच्या दोन्ही कडांवर टेकतं, खाली खड्डा तसाच राहतो. तुम्हाला १२ थाऊ दिसतात, खरा गॅप खड्ड्याइतका जास्त असतो आणि कितीही सेट करा टकटक जात नाही. असा रॉकर बदलायचा, नाहीतर त्याचा मूळ गोलवा राखून फेस करून घ्यायचा.

## ५. हेड उतरवायच्या आधी हवेने खात्री

कॉम्प्रेशन गेज असेल तर इंजिन गरम करून, सगळे नोझल काढून, प्रत्येक सिलेंडरला सारखाच वेळ स्टार्टर मारून रीडिंग घ्या. आकडा किती यापेक्षा एकमेकांत फरक किती ते बघा. दोन सिलेंडर जवळजवळ सारखे आणि एक बराच खाली, तर तोच.

पण गळती कुठून होतेय हे कॉम्प्रेशन सांगत नाही, ते हवा सांगते. नोझलच्या भोकात बसेल असा अडॅप्टर लेथवाल्याकडून करून घ्या (जुन्या खराब नोझलची बॉडी वापरून होतो), पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर आणा, दोन्ही वॉल्व्ह बंद आहेत याची रॉकर हलवून खात्री करा आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी जोडा. आधी दोन-तीन बार, मग हळूहळू पाच-सहा. कान लावा. इनटेक मॅनिफोल्डमध्ये सूं आवाज आला तर इनटेक, सायलेन्सरमध्ये आला तर एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणात थोडा आवाज जुन्या इंजिनला येतोच, जोरात असेल तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे गॅस्केट.

इशारा: टीडीसी थोडा जरी चुकला तर हवा पिस्टन खाली ढकलते आणि इंजिन फिरतं. पुलीवरचा पाना काढून घ्या, फॅनजवळ कुणी उभं राहू नये.

## ६. हेड उतरवताना

इंजिन पूर्ण थंड, पाणी काढलेलं. पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबर टाका आणि प्रत्येक पुशरॉड तिच्या जागेप्रमाणे खोचून ठेवा. टॅपेट बाहेर येत असतील तर तेही नंबराने. पुशरॉड आणि टॅपेट एकमेकांशी घासून जुळलेले असतात, जागा बदलली की नवीन झीज चालू होते.

हेडचे नट बाहेरून आतल्या दिशेने, थोडे थोडे करून सोडा. एका बाजूने सरळ सोडत गेलात तर हेड वाकू शकतं. वॉल्व्ह काढल्यावर ते धुऊ नका, घासू नका, टाकून तर अजिबात देऊ नका. मिस्त्रीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही चहा घेऊन येईपर्यंत तो वायर ब्रश मारून सगळे चकचकीत करून ठेवतो.

वॉल्व्ह काढायच्या आधी मात्र एक काम करा. हेड आडवं ठेवून एकेका पोर्टमध्ये रॉकेल किंवा डिझेल ओता आणि पाच-दहा मिनिटं थांबा. वॉल्व्हच्या कडेने ओल आली तर ती सीट लीक आहे. नंतर लेथचं काम झाल्यावर हेच परत करायचंय.

## ७. काढलेला वॉल्व्ह वाचा

उजेडात घेऊन बसा, घाई नको.

कडेचा एकाच ठिकाणी नखाएवढा तुकडा खाल्लेला आणि बाकी फेस बरा: त्या एका जागी वॉल्व्ह टेकत नव्हता. सीट वाकडी, गाइड ढिली असल्याने वॉल्व्ह तिरका बसतोय किंवा मधे कार्बनचा खडा अडकला. हेच सगळ्यात जास्त दिसतं, आणि नुसती पेस्ट लावून घासल्याने हे कधीच जात नाही.

सगळे एक्झॉस्ट सारखेच तापून पिवळट-राखाडी झालेले, डोकं वाटीसारखं वळलेलं: सगळं इंजिनच जास्त तापतंय. पंप टायमिंग, डिझेल, हवा, पाणी हे बघा.

इनटेकच्या मानेवर जाड, ओलसर काळा थर: गाइडमधून ऑइल उतरतंय.

इनटेकचा फेस खोल झिजलेला, जळालेला नाही: धूळ. एअर क्लीनरचा तळ आणि रबरी पाइपच्या चिरा बघा. मळणीच्या दिवसांत ऑइल बाथची वाटी रोज उघडायची असते.

दांड्यावर उभे ओरखडे, वॉल्व्ह गाइडमध्ये अडकत होता: रॉकर शाफ्टला ऑइल पोचत नाही किंवा नवीन गाइड रीमर (भोक मापात आणायचं कटर) न मारताच बसवलीय. अशा वेळी त्याच्या पुशरॉडला हमखास बाक आलेला सापडतो.

कॉटरच्या (स्प्रिंग अडकवणाऱ्या पाचरीच्या) खाचेत दांडा तुटला: स्प्रिंग मेलेली किंवा इंजिन ओव्हर-स्पीड झालं. उसाची भरलेली ट्रॉली उतारावर खालच्या गिअरमध्ये धरली की लोडच इंजिनला पळवतो, तिथे गव्हर्नर (वेग आवरणारा) काही करू शकत नाही कारण डिझेल आधीच बंद असतं.

## ८. खरं कारण धरा

गाइड. साफ केलेला वॉल्व्ह थोडासा उचलून डोकं बाजूला हलवा. डोळ्याला सरळ हालताना दिसला तर गाइड गेलीय. नवीन वॉल्व्ह घालूनही हाच खेळ करून बघा, म्हणजे झीज दांड्याची की गाइडची ते कळतं.

सीट. इन्सर्ट (वेगळी बसवलेली रिंग) असेल तर हलकं ठोकून बघा. बाकीच्यांपेक्षा बोदा आवाज आला तर ती ढिली आहे, ढिली सीट हेडला उष्णता देत नाही आणि तिच्यावरचा वॉल्व्ह जळत राहतो. वॉल्व्ह हेडच्या फेसपासून किती खोल गेलाय ते पट्टी आणि फिलर गेजने मोजा आणि मॅन्युअलच्या मर्यादेशी ताडून बघा. मर्यादेबाहेर असेल तर नवीन इन्सर्टच टाकायची.

स्प्रिंग. काचेवर नवीन स्प्रिंगशेजारी उभी करा. बुटकी किंवा तिरकी असेल तर बदला. पुशरॉड काचेवर लोळवा, बाक लगेच दिसतो.

कॅम. हेड उतरवायच्या आधीच डायल गेजने प्रत्येक पुशरॉड किती उचलली जाते ते मोजलेलं बरं. इनटेकच्या इनटेकशी आणि एक्झॉस्टच्या एक्झॉस्टशी तुलना करा, एखादी कमी उचलत असेल तर कॅमचा लोब (उंचवटा) नाहीतर टॅपेटचा तळ खाल्लाय.

पाणी. याच्याबद्दल मला जरा ठासून सांगायचंय. आपल्याकडे रेडिएटरला सर्रास बोअरचं पाणी घालतात आणि त्याचा क्षार जिथे हेड सगळ्यात गरम असतं तिथे, म्हणजे एक्झॉस्ट सीटच्या मागच्या पोकळीत, दगडासारखा बसतो. काटा नॉर्मल दाखवतो कारण बाकी पाणी ठीक असतं, पण त्या एका सीटला थंडावा मिळत नाही. त्याच सिलेंडरचा एक्झॉस्ट परत परत जात असेल तर हेडच्या पाण्याच्या भोकांतून वायर घालून खरवडा आणि काय निघतंय ते बघा. साफ करून झाल्यावर मऊ पाणी आणि कूलंट घाला. रेडिएटरच्या जाळीतला भुसा आतून बाहेर हवा मारून काढा. थर्मोस्टॅट काढून टाकला असेल तर परत बसवा, त्याच्याशिवाय इंजिन कामाच्या तापमानाला पोचतच नाही, कार्बन वाढतो आणि काही इंजिनांत पाणी बायपासने आतल्या आत फिरत राहतं.

नोझल आणि पंप. नोझल टेस्टरवर फवारा बघून घ्या. थेंब गळणारा नोझल आणि मागे गेलेलं टायमिंग, दोन्हीत डिझेल उशिरा जळतं आणि ती आग एक्झॉस्ट वॉल्व्हवरून बाहेर जाते.

## ९. लेथवर कामाचा क्रम

क्रम हाच ठेवा: आधी क्रॅक चेक, मग गाइड, गाइडला रीमर, मग सीट, मग वॉल्व्हचा फेस, शेवटी हलकं लॅपिंग (पेस्टने घासणं). सीट कटर गाइडमध्ये दांडा घालून चालतो, म्हणून आधी सीट मारून नंतर गाइड बदलली तर दोघांचं सेंटर जुळत नाही. हे बऱ्याच ठिकाणी उलटं होतं, समोर उभं राहून करून घ्या.

हेड फेस मारताना जेवढं गरजेचं तेवढंच. पट्टी धरून फट दिसली तरच. फेस मारल्यावर वॉल्व्हची खोली परत मोजा, वॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात आणि खालच्या मर्यादेपेक्षा कमी झालं तर पिस्टन ठोकणार.

तपासा: सीटवर गोलाकार, थोड्या थोड्या अंतराने पेन्सिलच्या आडव्या रेघा मारा, वॉल्व्ह कोरडा घालून पाव फेरी फिरवा आणि काढा. सगळ्या रेघा एकाच पट्ट्यात पुसल्या तर सीट बरोबर. एखाद्या बाजूच्या तशाच राहिल्या तर परत कटर. पेस्टने घासून ती जागा भरायला जाऊ नका, तसं केलं की सीट रुंद होते आणि वॉल्व्हला खोलगट रिंग पडते. पेस्टचा कण न् कण धुऊन काढा, राहिलेली पेस्ट गाइड खाते.

मग रॉकेलची टेस्ट. ओल आली तर हेड चढवायचं नाही.

## १०. चढवणं आणि आवळणं

ब्लॉकचा फेस साफ, बोल्टच्या भोकांत ऑइल किंवा पाणी नको. गॅस्केटची बाजू बघून घ्या. हेड मधून बाहेरच्या दिशेने, मॅन्युअलच्या क्रमाने, तीन टप्प्यांत टॉर्कला आणा. थंडचे गॅप सेट करा, इंजिन चालू करून पहिल्यांदा रॉकरवर ऑइल येतंय का ते कव्हर उघडं ठेवून बघा. नाही आलं तर लगेच बंद, रॉकर शाफ्टचा ऑइलचा रस्ता चोक आहे.

गरम करून झाल्यावर, गॅस्केट परत आवळायच्या जातीचं असेल तर सांगितल्याप्रमाणे हेड परत टॉर्क करा आणि त्यानंतर गॅप परत सेट करा. हेड आवळलं की ते खाली बसतं, पुशरॉडची लांबी तेवढीच राहते, म्हणजे गॅप कमी होतो. हेड आवळून गॅप तसेच सोडले की सगळे वॉल्व्ह थोडे थोडे टाइट राहतात, आणि चांगलं काम केलेलं हेड वर्षभरात परत टेबलावर येण्यामागे हे कारण खूप वेळा असतं.

पन्नास तासांनी कव्हर उघडा, गॅप न फिरवता मोजा, तारीख आणि तास घालून वहीत लिहा. एखादाच एक्झॉस्ट बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी झालेला दिसला तर सेट करून वीस-पंचवीस तासांनी परत मोजा. तरी कमीच होत असेल तर जळायची वाट न बघता आठव्या पायरीवर या आणि त्या सिलेंडरची सीट, पाण्याची पोकळी आणि नोझल या क्रमाने परत बघा.